नवे चामड्याचे बूट चावतात तेव्हा आधी जागा शोधा

प्रश्न असा आहे: घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे नवे बूट घेतले. घालून पाहिले तेव्हा ठीक वाटले, पण आता करंगळीपाशी दाबतात, नाडीखाली पायाच्या पाठीवर रग लागते आणि टाच सोलवटते. हेअर ड्रायरने गरम करावेत, ओले करून पायातच वाळवावेत, की आत पाण्याच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत?

तिन्हींपैकी काहीही करू नका. बूट बांधण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. बूट घट्ट होतात असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: नेमके कुठे? करंगळीवरचा दाब, पाठीवरची रग आणि सोलवटलेली टाच हे तीन वेगळे त्रास आहेत. पहिल्यासाठी चामडं ताणावं लागतं. दुसऱ्याला बहुतेक वेळा नाडी वेगळ्या तऱ्हेने ओवली की पुरतं. तिसरा त्रास अनेकदा बूट मागून घट्ट असल्याने नव्हे, तर टाच आत वरखाली होत असल्याने होतो. सगळा बूट सरसकट सैल केलात तर करंगळी सुटेल आणि टाचेचे हाल वाढतील.

त्याआधी बूट ठेवायचे की बदलून घ्यायचे, हे ठरवा. एकदा बाहेर वापरले, ताणले किंवा तेल लावलं की ते परत करता येणार नाहीत. इनसोल, म्हणजे बुटातली तळाची गादी, निघत असेल तर बाहेर काढून जमिनीवर ठेवा, टाच त्याच्या मागच्या कडेला नेमकी बसवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. बसून पाहू नका, वजन पडलं की पाऊल लांबीतही वाढतं आणि रुंदीतही. संध्याकाळी पाहा, कारण दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि बुटांना त्याच पायांशी जमवून घ्यायचं आहे. दोन्ही पाय तपासा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, निर्णय मोठ्या पायावरून घ्यायचा.

सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक ते दीड सेंटिमीटर इनसोल शिल्लक दिसला पाहिजे. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळ लोकांचं अंगठ्याशेजारचं बोट पुढे असतं. पावलाची कड बाजूने दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली तर घाबरू नका, तेवढं चामडं सामावून घेतं. पण बोटं पुढच्या कडेला टेकत असतील तर बूट लहान आहे, आणि लहान बुटावर माझ्याकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे इलाज नाही. ब्रिटिश मापात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय मापात तो ६.७ मिलिमीटरच्या आसपास. एवढी लांबी बूट आतून ताणणारा कोणताही स्ट्रेचर काढून देत नाही.

इनसोल चिकटवलेला असेल तर कागदावर उभे राहा, दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल उभी धरून पावलाभोवती रेघ काढायला सांगा, तो आकार कापा आणि बुटात सरकवा. कागद जिथे दुमडेल तिथे तुमचं पाऊल आणि बूट यांचं जमत नाही. आणखी एक गोष्ट पाहायची. अंगठ्याच्या मुळाशी जो मोठा सांधा आहे, तो बुटाच्या सर्वांत रुंद भागात यायला हवा. बूट वाकवून पाहा, तो वाकतो तिथेच पायही वाकला पाहिजे. सांधा त्याच्या पुढे किंवा मागे पडत असेल तर लांबी बरोबर असूनही बूट तुमचा नाही.

ही परीक्षा पार झाली तर बाकीचं सगळं करता येण्यासारखं आहे.

बुटाचे काही भाग ताणले जातात, काही कधीच जात नाहीत. पुढे बोटांच्या टोकावर, अस्तर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये, एक कडक तुकडा बसवलेला असतो, त्याला टो पफ म्हणतात. मागे टाचेभोवती तसाच काउंटर असतो. अनेक बुटांत कमानीखाली धातूची किंवा लाकडाची पट्टी असते. बुटाचा आकार या तिघांच्या जिवावर टिकतो आणि ते हटत नाहीत. म्हणून चवड्याच्या दोन्ही बाजू, करंगळीची जागा, अंगठ्याच्या मुळाचा सांधा आणि पायाची पाठ एवढाच प्रदेश तुमच्या हातात आहे. सुदैवाने तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी याच प्रदेशातल्या आहेत.

चामडं सैल कसं होतं, हे कळलं की इंटरनेटवरचे निम्मे उपाय आपोआप गळून पडतात. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं दाट जाळं. थोडी ओल आणि अंगाची ऊब मिळाली की हे तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि त्याच अवस्थेत ताणलेले असताना वाळले की नव्या जागी बसतात. पायाचा घाम, पायाची ऊब आणि चालताना होणारं वाकणं यांतून बूट रुळतात ते याच रीतीने. म्हणजे लागतं काय, तर थोडा ओलावा, सौम्य ताण आणि वाळायला वेळ. यातला वेळ वाचवण्यासाठी उष्णता किंवा जोर वाढवला की बूट बिघडतो.

हेअर ड्रायरचं पाहा. झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं ओलं असताना ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या दरम्यान कायमचं आकसतं. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं, म्हणजे आजचे बहुतेक बूट, शंभराच्या आसपास टिकतं. पण तिथेही आतली तेलं उडून जातात, वरचं फिनिश तडकतं, आणि तळ चिकटवलेला असेल तर त्याचा डिंक सैलावतो. कारखान्यात तो डिंक उष्णता देऊनच चिकटवलेला असतो, तीच उष्णता पुन्हा मिळाली की तो सोडायला लागतो. ड्रायर जवळ धरला तर चामडं किती तापलं हे हाताला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

भिजवून पायात वाळवणं ही सैनिकांची जुनी रीत. जाड, तेलात मुरवलेलं चामडं आणि संपूर्ण चामड्याचा शिवलेला तळ असेल तर ती निभावून जायची. आजच्या पुष्कळ बुटांत आतला तळ दाबलेल्या लगद्याच्या पुठ्ठ्याचा असतो, टो पफ आणि काउंटरही अनेकदा तशाच मालाचे. ते भिजले की फुगतात, आकार सोडतात आणि वाळल्यावर पूर्वीसारखे होत नाहीत. शिवाय ओल्या बुटात ओला पाय घेऊन चालणं म्हणजे फोडांना बोलावणं.

फ्रीझरचा उपाय दिसायला हुशारीचा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा पिशवी आतून दाब देणार हे खरं. पण तो दाब पिशवीला जिथे वाट मिळेल तिथे जातो, तुमच्या करंगळीच्या जागी जाईलच असं नाही. आणि थंडीत ताठरलेले तंतू सरकायला नाखूश असतात. त्यातून पिशवी फुटली तर आतला सगळा तळ भिजतो. मी हा उपाय कोणाला सांगत नाही.

आता काय करायचं ते. घरात, स्वच्छ फरशीवर, जे मोजे पुढे वापरणार तेच घालून बूट चढवा आणि अर्धा-पाऊण तास हिंडा. बसून राहू नका, बूट वाकला पाहिजे. जिने चढा-उतरा, चवड्यावर उभे राहा, उकिडवं बसा. दुखायला लागण्याआधी काढा. दुसऱ्या दिवशी बूट विश्रांतीला, आत लाकडी फर्मा, म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा, किंवा तो नसेल तर कोरड्या कागदाचे बोळे. एका वापरात आत शिरलेला घाम सुकायला किमान एक दिवस लागतो, आणि सुकतानाच चामडं नव्या आकाराला धरतं. हा एक दिवस सोडणं लोकांना वेळेचा अपव्यय वाटतं, प्रत्यक्षात अर्धं काम त्याच दिवशी होतं. मग दीड तास, मग अर्धा दिवस. जाड चामड्याला रुळायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी लांबच्या प्रवासाला किंवा ट्रेकला जाऊ नका, कितीही मऊ वाटले तरी.

तळ शिवलेला असेल आणि आतल्या तळाखाली बुचाच्या चुऱ्याचा थर असेल, तर आणखी एक बदल होतो. वजनाने तो थर हळूहळू दबतो, पावलाच्या आकाराचा खळगा तयार होतो आणि पाय किंचित खाली बसतो. त्यामुळे पाठीवरची जागाही थोडी वाढते. अशा बुटांच्या बाबतीत पहिल्या आठवड्यात पाठ थोडी आवळल्यासारखी वाटली तर धीर धरा. सुरुवातीलाच तिथे सैल असलेला बूट पुढे ढगळ होतो.

करंगळीची जागा मात्र नुसत्या चालण्यावर सोडू नये, कारण बूट सुटेपर्यंत तिथे कुरूप होऊन बसतं. आधी जागा नेमकी शोधा. पातळ मोजा घाला, करंगळीवर जिथे सर्वांत जास्त दुखतं तिथे मोज्याच्या बाहेरून लिपस्टिकचा वाटाण्याएवढा ठिपका द्या, बूट चढवा, नाडी बांधा आणि दोन-चार पावलं टाका. पाय सरळ वर उपसून काढा, आत अस्तरावर डाग उमटलेला असतो. एक बोट आत त्या डागावर ठेवून बाहेरून अंगठ्याने चिमटीत धरा आणि बाहेर त्या जागी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. हे केल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण दुखरी जागा त्यांनी समजली होती तिच्यापेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर पुढे किंवा मागे निघते. अस्तर गडद रंगाचं असेल तर लिपस्टिकऐवजी खडू चालतो.

त्या जागी ताण देण्यासाठी लाकडी स्ट्रेचर घ्या, रुंदी आणि लांबी दोन्हीकडे उघडणारा, ज्याच्या अंगाला भोकं असतात आणि त्यांत घुंड्या बसवता येतात. डागासमोर येईल अशा भोकात घुंडी बसवा. स्ट्रेचिंग स्प्रे आतून फवारा. तो नसेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन तेवढीच जागा ओलसर करा, निथळेल इतकी नाही. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास आग नको, आणि आधी बुटाच्या जिभेच्या, म्हणजे नाडीखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला थेंब लावून रंग जातो का ते बघा. स्ट्रेचर आत सरकवून तो बुटाला नीट टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी एखादा फेरा. बस. चामडं बाहेरून किंचित फुगलेलं दिसलं पाहिजे, शिवण ताणून टाके उघडे पडता कामा नयेत. एक पूर्ण दिवस तसाच ठेवा आणि चामडं पूर्ण सुकल्यावरच काढा. ओलं असताना काढलं तर ते पुन्हा मागे येतं, आणि मग लोक म्हणतात स्ट्रेचरचा उपयोग होत नाही. घालून बघा, कमी पडलं तर पुन्हा एक फेरा. एकदाच सहा फेरे फिरवलेले बूट माझ्याकडे उसवलेल्या शिवणीसह येतात, आणि उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, पण ताणून पातळ झालेलं चामडं पूर्ववत करता येत नाही.

पायाच्या पाठीवरची रग. इथे बुटाची जीभ आणि नाडी मिळून वरून चालणाऱ्या शिरांवर आणि हाडाच्या उंचवट्यावर दाब देतात. आधी जीभ सरळ बसली आहे का, तिची कड दुमडलेली नाही ना, ते पाहा. मग नाडी पूर्ण काढा आणि नव्याने ओवा. जिथे दुखतं त्या दोन भोकांच्या जोड्यांमध्ये नाडी आडवी पलीकडे नेऊ नका, त्याच बाजूने सरळ वर घ्या आणि पुढच्या भोकापासून पुन्हा फुली सुरू करा. दुखऱ्या जागेवर नाडीविना एक खिडकी राहते. चवड्याकडची नाडी ढिली, घोट्याजवळची पक्की, असं ठेवायचं असेल तर मधे साध्या गाठीऐवजी नाडी एकमेकींत दोनदा पिळून घ्या, तो पीळ ताण तिथेच रोखून धरतो. एवढ्याने भागलं नाही तर इनसोल काढून पातळ इनसोल घाला. दोन मिलिमीटर जागा मिळाली तरी पाठीला ती फार मोठी वाटते.

उलटही घडतं. बोटं पुढे आपटतात म्हणून बूट घट्ट वाटतो, पण खरं कारण असं की पाठीकडे बूट ढिला आहे आणि प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरतो. अशा वेळी जिभेच्या आतून एक पातळ फेल्टची गादी चिकटवली की पाय मागे टाचेत बसतो आणि पुढची जागा मोकळी होते. लांबी मोजून बरोबर भरत असूनही उतारावर बोटं दुखत असतील तर आधी हे करून पाहा.

टाचेबद्दल. नवा तळ ताठ असतो, तो वाकायला शिकेपर्यंत टाच अर्धा सेंटिमीटर वर उचलली जाणारच. तळ वाकायला लागला की ही हालचाल बहुतेक थांबते. तोवर बूट घालताना टाच मागे ठोकून बसवा आणि मगच नाडी आवळा. सर्वांत वरच्या दोन भोकांतून त्याच बाजूला छोटा फास ठेवून समोरची नाडी त्यातून ओढली तर घोटा जागेवर धरला जातो. काउंटरची वरची कड टोचत असेल तर तिच्यावर आतून लाकडी मुठीचं गुळगुळीत टोक दाबून गोलाकार घोळवा, थोडं लेदर कंडिशनर लावून. कड मोडायची नाही, फक्त तिची धार बोथट करायची आहे. हातोडीने ठोकू नका.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाहीत. कातडं बुटाला धरून राहतं, आतलं हाड पुढे-मागे होतं आणि मधले थर ताणले जातात. ओल्या कातड्याची पकड जास्त, म्हणून घाम शोषून धरून ठेवणाऱ्या जाड सुती मोज्यांपेक्षा लोकरीचे किंवा लोकर मिसळलेले मोजे बरे. पातळ मोज्यावर दुसरा मोजा घातला की ती हालचाल दोन मोज्यांमध्ये होते आणि कातडं वाचतं. पण घट्ट बुटात दोन मोजे कोंबू नका. दुखायच्या आधीच टाचेवर सर्जिकल टेप लावणं हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. आलेला फोड फोडू नका.

तेल आणि कंडिशनर यांत लोक हात सैल सोडतात. कंडिशनर हलक्या हाताने, कपड्यावर घेऊन, ताण पडणाऱ्या जागी लावावं आणि रात्रभर मुरू द्यावं. नीट्सफूटसारखी, म्हणजे गुरांच्या पायांपासून काढलेली, तेलं चामडं मऊ करतात तसा रंगही गडद करतात, आणि जास्त झाली तर बूट घोट्याला आधार देईनासा होतो. स्वेडला तर तेल-मेण काही लावायचं नाही, ते नुसत्या स्ट्रेचरनेही चांगलं ताणलं जातं. पेटंट लेदरवर प्लास्टिकचा थर असतो, तो ताणाने तडकतो. कृत्रिम चामडं ताणून धरलं तरी सोडल्यावर मागे येतं, तेव्हा तिथे आकार बदलण्याची आशा धरू नका. आत जलरोधक पडदा असलेल्या बुटांत घुंडी लावून ताणू नका, पडद्याच्या शिवणीवरची पट्टी सुटली की पाणी आत येतं आणि ती दुरुस्ती सहसा होत नाही. बोटांवर पोलादी टोपी असलेल्या सुरक्षा बुटांत टोपी हलत नाही, हलवूही नये. आयएसओ २०३४५ या मानकानुसार तिने २०० ज्यूलचा आघात झेलायचा असतो. बोटं टोपीला लागत असतील तर रुंद मापाचे दुसरे बूट घ्या.

मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी असेल किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल, तर यातलं "हळूहळू सहन करत रुळवा" हे तुमच्यासाठी नाही. दाब कळत नाही आणि जखम होऊन जाते. अशांनी पहिल्या दिवसापासून मोकळे बसणारे बूटच घ्यावेत आणि काढल्यावर दर वेळी पाय नजरेने तपासावेत. इतरांनीही बोटांना मुंग्या आल्या, बधिरपणा आला किंवा बूट काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल वळ तसाच राहिला तर तो बूट रुळायची वाट पाहू नये. अंगठ्याच्या सांध्याला हाड वाढलेलं असेल तर ती जागा घुंडीने ताणता येते, पण टोकदार पुढा असलेल्या बुटात ते पुरत नाही.

घरी जमत नसेल तर कारागिराकडे द्या. देताना चिकटपट्टीची खूण तशीच ठेवा, वापरायचे मोजे सोबत न्या, कोणता पाय मोठा ते सांगा आणि बूट फर्म्यावर किमान दोन दिवस ठेवायला सांगा. एका जागेसाठी त्याच्याकडे चिमट्यासारखं हत्यार असतं, एका टोकाला गोळा, दुसऱ्याला कडी. करंगळीच्या दाबावर त्याच्याइतकं अचूक दुसरं साधन नाही. आणायला गेलात की बूट तिथेच घालून, नाडी पूर्ण बांधून, चालून पाहा.